बारा आठवड्यांची बाई

“तुमचा उजवा खांदा दुखतो ना?”

सकाळचे साडेआठ. बसथांब्यावर आम्ही दोघंच. आदल्या संध्याकाळी मी त्या शहरात उतरले होते आणि घरमालकिणीचं “किल्ली हरवू नका” सोडलं, तर तिथे माझ्याशी कुणी बोललेलं हे पहिलंच वाक्य.

मी वळून बघितलं. पस्तिशीचा असावा. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखांच्या कडेला काहीतरी पांढरं वाळलेलं, आणि डोळे... डोळे अगदी सरळ, वळणं न घेणारे.

“आपली ओळख आहे का?” मी शक्य तितक्या कोरडेपणाने विचारलं.

“नाही. तुम्ही कोपऱ्यावरून चालत आलात ना, तेव्हा दिसलं. बॅग आत्ता डाव्या हातात आहे, पण चाल अजून उजवीकडेच झुकलेली. म्हणजे बरीच वर्षं ती उजव्याच खांद्यावर असणार. आणि... एकट्याच उचलत असणार.”

शेवटचं वाक्य बोलून तोच ओशाळला आणि रस्त्याकडे बघायला लागला.

“न विचारता सल्ला देऊ नये,” मी म्हटलं. “असला सल्ला कुणी ऐकत नाही.”

“सल्ला कुठे दिला? मी तर नुसतं विचारलं.”

खांदा खरंच दुखत होता.

बस आली. दोघंही चढलो. चौथ्या थांब्यावर दोघंही उतरलो. तो पुढे, मी मागे. एक गल्ली, दुसरी गल्ली, लाल विटांची लांबलचक भिंत... फाटकापाशी तो थांबला आणि वळून म्हणाला, “तुम्ही माझ्या मागे येताय का?”

“मी माझ्या कामावर येतेय,” मी म्हटलं आणि पहारेकऱ्याला माझं पत्र दाखवलं.

पहारेकऱ्याने ते वाचलं आणि आतल्या बाजूला तोंड करून दमदार आवाजात आरोळी दिली, “सल्लागारबाई आल्यात...”

बसथांब्यावरच्या त्या माणसाच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे विझलं.

या शब्दाने चेहरे असेच बदलतात. वरच्या मजल्यावरचे उजळतात, खालच्या मजल्यावरचे मिटतात.

“म्हणजे आता आमच्यातलं कोण जाणार?” त्याने हळूच विचारलं.

“मी कुणाला काढायला येत नाही.”

“तुम्ही नाही काढत. पण तुम्ही येऊन गेल्यावर कुणीतरी जातंच, असं ऐकलंय.” आणि तो निघून गेला.

माझं काम सांगायला सोपं आहे. एखाद्या संस्थेचं घोडं कुठेतरी अडलेलं असतं. आतल्या माणसांना ते रोज दिसतं, म्हणूनच दिसेनासं होतं. मग बाहेरचं माणूस बोलावतात. मी जाते, बारा आठवडे राहते, बघते, विचारते, मोजते, आणि जे दिसलं ते लिहून देते. ऐकायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं. मी निघायचं. सहा वर्षांत अशी अकरा शहरं झाली होती. हे बारावं.

आत्याला मात्र हे कधीच पटलं नाही. आई-बाबा गेल्यावर तिनेच मला वाढवलं, त्यामुळे दर रविवारी फोनवर तिला जाब देणं भाग असतं.

“पण तू नक्की करतेस काय गं? शेजारणींना सांगू काय?”

“सांग, सल्ला देते.”

“सल्ला तर मीही देते. मला कुणी गाडी पाठवून बोलावत नाही.” मग तिनेच तोड काढली होती. “मी सांगते, ती कारखान्यांची डॉक्टर आहे. लोकांना बरं वाटतं.” आणि लगेच आवाज उतरवून, “तुला कोण बघतं गं... तू आजारी पडलीस तर?”

इथे मी नेहमी आवाज नीट येत नाही म्हणते.

या वेळची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक खाट, एक टेबल, भिंतीत बसवलेलं कपाट, त्यात आधीच्या भाडेकरूचे दोन हँगर. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसायचा. संध्याकाळी त्या जिन्यावर दिवे लागायचे, माणसं पिशव्या घेऊन चढायची, दारं उघडायची, आतून कुणीतरी काहीतरी विचारायचं, दारं मिटायची. मी चहाचा एकच कप घासून पालथा घालायचे. मीठ सगळ्यात लहान पुडीतलं आणायचे. कुंडी, पडदा, शेजारणीचं नाव... ज्याला सोडून जाताना थांबावंसं वाटेल, असं काही मी घरात आणत नसे. कसब होतं ते. सहा वर्षांत चांगलं जमलं होतं.

संस्था कृत्रिम पाय बनवायची. अपघातात, आजारात पाय गमावलेली माणसं लांबलांबून यायची. संचालकबाई साठीच्या, तुटक बोलणाऱ्या.

“अर्ज केल्यापासून पाय मिळेपर्यंत अकरा आठवडे लागतात. पूर्वी चार लागायचे. कुणी म्हणतं भट्टी जुनी झाली, कुणी म्हणतं चामडं वेळेवर येत नाही. मला खरं काय ते हवंय.”

“आणि खरं आवडलं नाही तर?”

“आवडायला मी काय स्थळ बघतेय?”

मला त्या तिथेच आवडल्या.

कामाच्या चार खोल्या होत्या. पहिलीत उरलेल्या पायाचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचे. दुसरीत त्या साच्यावरून पाय जिथे बसतो ती वाटी घडवायचे. तिसरीत सांधे आणि पट्टे. आणि चौथी म्हणजे चालायची खोली. दोन लांब समांतर दांड्या, समोर भिंतभर आरसा. पाय घालून माणूस तिथे पहिलं पाऊल टाकायचा.

त्या चौथ्या खोलीत बसथांब्यावरचा तो होता. नखांतलं पांढरं प्लास्टर होतं, हे तेव्हा कळलं. त्याला तिथे सगळे ‘शेवटचा हात’ म्हणायचे. कुठलाही पाय कुणीही बनवो, शेवटचा हात त्याचाच. “माझा पाय कुठवर आला?” कुणी विचारलं की उत्तर मिळायचं, “शेवटच्या हाताकडे गेलाय.”

पहिल्या आठवड्यात मी वही घेऊन त्याच्या खोलीच्या कोपऱ्यात बसले. एक निवृत्त पोस्टमन आले होते. तो त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि विचारायला लागला. घरात पायऱ्या किती? खाटेवरून उठताना कुठली बाजू आधी? स्वयंपाक उभ्याने करता का? जिथे टोचतंय तिथे खडूने खूण, पाय काढ, घास, पुन्हा घाल. अडीच तास. शेवटी पोस्टमननी दांड्यांवरचे हात सोडले आणि चार पावलं टाकली. तेव्हा खोलीतले सगळे त्यांच्या पायाकडे बघत होते. तो एकटा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता.

मी वहीत वेळ लिहायची विसरले. असं माझं कधी होत नाही.

दुपारी मागच्या दाराच्या पायऱ्यांवर मी डबा घेऊन बसायचे, कारण सल्लागाराच्या टेबलाशी कुणी बसत नाही. वरच्यांना वाटतं ही खालच्यांची बातमी काढतेय, खालच्यांना वाटतं उलट. तिसऱ्या दिवशी तो त्याच पायऱ्यांवर येऊन बसला. दोन पायऱ्या खाली.

“ही माझी जागा आहे,” तो म्हणाला. “नऊ वर्षांपासून.”

“उठू का?”

“नको. विचारायचं होतं. सल्लागार म्हणजे नक्की काय हो?”

“बाहेरून येतो, दोष दाखवतो, मान घेतो, निघून जातो.”

“म्हणजे विहीणच की.”

मी इतकी हसले की ठसका लागला. त्याने पाण्याची बाटली वर सरकवली.

“फरक आहे,” मी पाणी पिऊन म्हटलं. “विहीण पुन्हा येते.”

तो हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला... जरा जास्तच वेळ.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. “कालची व्याख्या पटली नाही. सल्लागार म्हणजे काय?”

“ज्याला स्वतःच्या घरात कुणी विचारत नाही असा माणूस.”

“घर आहे?”

“खोली आहे.”

“मग तीही व्याख्या चुकली,” तो म्हणाला. “उद्या नवी आणा.”

मी रोज नवी आणायला लागले. सकाळी बसमध्ये मनातल्या मनात जुळवायचे. सल्लागार म्हणजे रस्ता माहीत असलेला, पण गाडी चालवायला मनाई असलेला माणूस. सल्लागार म्हणजे ज्याचं ऐकलं तर श्रेय दुसऱ्याचं, नाही ऐकलं तर खापर त्याच्यावर. तो प्रत्येक व्याख्या घास चावल्यासारखी सावकाश ऐकायचा आणि नापास करायचा. चौथ्या आठवड्यापर्यंत तो दोन पायऱ्यांवरून एका पायरीवर आला होता.

एके दुपारी त्याने खिशातून काहीतरी काढून माझ्या बॅगवर ठेवलं. मऊ चामड्याची पट्टी, आत लोकरीचा जाड थर, पट्ट्याला अडकवायला दोन बंद.

“खांद्यासाठी. वाटीच्या आत लावतो तेच अस्तर आहे. तुकडे उरतात.”

“माप न घेता कसं केलंत?”

“अंदाजाने. महिनाभर बघतोय की तुम्हाला.” मग कान लाल. “म्हणजे... चालीकडे. चालीकडे बघतोय.”

“हो, चालीकडेच,” मी म्हटलं. आणि त्या संध्याकाळी खोलीवर गेल्यावर ती पट्टी बऱ्याच वेळा हातात घेतली, ठेवली, पुन्हा घेतली.

मग एक दिवस तो डबा न उघडताच बसला. “आज दादाचा दिवस,” एवढंच म्हणाला. मी काही विचारलं नाही. विचारायचं कधी नाही, हाही माझ्या कामाचाच भाग आहे. थोड्या वेळाने त्याने आपणहून सांगितलं.

थोरल्या भावाचा पाय यंत्रात गेला होता. दुसऱ्या कुठल्यातरी ठिकाणी त्याला नवा पाय बसवला, घाईघाईत, वीस मिनिटांत. “चालशील हळूहळू,” म्हणाले. आठवड्यात जखम झाली. ती बरी होईपर्यंत दादाचा धीर खचला. पाय खुंटीला टांगला आणि तो खिडकीशी बसला, तो बसलाच. सात वर्षं. शेवटी खिडकीशीच गेला...

“तेव्हापासून मी शेवटचा हात दुसऱ्या कुणाला लावू देत नाही,” तो म्हणाला. “तिसऱ्या खोलीतल्या तिसऱ्या खोलीतल्या पट्टेवाल्या ताई वीस वर्षं इथे आहेत, हुशार आहेत, पण तरी नाही. माझ्या हातून गेलेल्या एकाही माणसाने पाय खुंटीला टांगलेला नाही.” मग माझ्याकडे बघून, “हे वहीत लिहिणार?”

“हे तुम्ही मला सांगितलंत,” मी म्हटलं. “सल्लागाराला नाही.”

त्याचा हात पायरीवर होता. माझाही होता. मध्ये चार बोटांचं अंतर... कुणीच ते ओलांडलं नाही आणि कुणीच हात काढूनही घेतला नाही.

सातव्या आठवड्यात माझं मोजून झालं.

भट्टीचा दोष नव्हता. चामडं चार दिवस उशिरा यायचं, पण चारच. पहिल्या तीन खोल्यांत पाय नऊ दिवसांत तयार होत होता. मग तो चालायच्या खोलीबाहेरच्या फळीवर जाऊन बसायचा. मी फळीवरचे पाय मोजले. एक्केचाळीस. प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. काही चिठ्ठ्यांची शाई फिकी पडलेली. सगळे तयार, सगळे एका माणसाच्या अडीच तासांची वाट बघत.

त्यात आणखी एक मेख होती. पाय गमावल्यावर पहिले काही महिने उरलेल्या पायाचा आकार बदलत राहतो, तो बारीक होत जातो. पाय फळीवर पाच-सहा आठवडे पडून राहिला की वाटी सैल व्हायची. मग जोडणीला जास्त वेळ लागायचा, मग मागचे आणखी मागे पडायचे. आणि तो म्हणायचा, बघा, किती काम बाकी असतं, म्हणूनच माझा हात लागतो.

इमारतीच्या पुढच्या बाजूला चौकशीच्या खिडकीसमोर एक बाक होता. शेवटचा हात मात्र मागच्या दाराने यायचा, मागच्या दाराने जायचा. त्या बाकावर दर गुरुवारी एक शिवणकाम करणाऱ्या मावशी बसलेल्या दिसायच्या, काखेत कुबड्या. मी एकदा त्यांच्या शेजारी बसले.

“दोन बस बदलून येते,” त्या म्हणाल्या. “खिडकीवरच्या मुलीला म्हणते, नुसतं विचारून बघ. ती म्हणते, शेवटच्या हाताकडे आहे. सहा वेळा झालं. मशीन चालवायला पाय लागतो ना... सून करते सगळं, तोंडातून ब्र काढत नाही. पण तिचं न बोलणंच मला ऐकू येतं.”

आत येऊन मी फळीवर त्यांच्या नावाची चिठ्ठी शोधली. पाय तयार होऊन सहा आठवडे झाले होते.

मग अहवाल लिहायला बसले आणि तीन दिवस बसूनच राहिले. ‘जोडणी विभागात माणसं अपुरी’ असं लिहिता आलं असतं. खोटं नव्हतं ते, पुरतं खरंही नव्हतं. कुणाला कळलं नसतं, कुणी दुखावलं नसतं. आणि उरलेले आठवडे मला त्या पायऱ्यांवर आणखी एक पायरी जवळ बसता आलं असतं. समोरच्या जिन्यावर दिवे लागत होते, माणसं घरी येत होती. मला आयुष्यात पहिल्यांदाच एखादं वाक्य गोलमोल लिहावंसं वाटत होतं, आणि का वाटत होतं, ते मला पक्कं कळत होतं.

चौथ्या दिवशी मी संचालकबाईंच्या खोलीत गेले.

“अहवाल देण्याआधी एक सांगायचंय. आमच्या कामाचा नियम आहे. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याशी आपलं काही नातं असेल, तर आधी सांगावं लागतं. म्हणजे... मी निःपक्षपाती आहे की नाही, ते तुम्हाला ठरवता येतं.” मी हातातली वही मिटली. “तुमच्या चौथ्या खोलीतल्या माणसाकडे माझं मन ओढ घेतंय. त्याला हे माहीत नाही.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

“पहारेकऱ्याला तिसऱ्या आठवड्यात कळलं होतं,” त्या म्हणाल्या. “मला पाचव्या. त्यामुळे निष्कर्ष बदलले का?”

“बदलावेसे वाटले. बदलले नाहीत.”

“मग हे पहिल्या पानावर लिहा आणि पुढचं वाचून दाखवा.”

बैठकीला सगळे विभाग होते. अहवालाची प्रत अजून कुणाच्या हातात नव्हती, मी फक्त निष्कर्ष वाचले. भट्टी ठीक आहे. चामडं किरकोळ. उशिराचं मुख्य कारण एकच, शेवटची जोडणी एकाच माणसाच्या हातात आहे आणि तो ती दुसऱ्या कुणाला शिकवत नाही. शिफारस अशी, की त्याने चार जणांना शिकवावं आणि शिकवून होईपर्यंत स्वतःच्या हाताने एकही पाय जोडू नये.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज तेवढा आला.

दुपारी तो पायऱ्यांवर उभा होता, बसला नाही.

“दादाचं सांगितलं होतं मी तुम्हाला.”

“ते त्यात नाही.”

“नाही कसं? ओळीओळीत आहे. एकही पाय जोडू नये म्हणे. दादाला घाईत पाय बसवणाऱ्यांसारख्या माणसांच्या हातात द्या, असंच लिहिलंत ना तुम्ही?”

“तुमच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाकडे तुम्ही बघता,” मी म्हटलं. “इतकं नीट बघणारं माणूस मी बघितलं नाही. पण खोलीबाहेर एक्केचाळीस जण आहेत. तेही कुठल्यातरी खिडकीशी बसलेत. पुढच्या दाराने कधी आलायत तुम्ही?”

तो वळून आत गेला.

त्यानंतर दोन आठवडे पायऱ्यांवर मी एकटीच. खरं तर ती माझी नेहमीचीच अवस्था होती. अकरा शहरांत अशीच जेवले होते. पण आता डबा संपत नसे. आत्याला फोनवर आवाज वेगळा वाटला. “सर्दी झालीय,” मी म्हटलं. ती म्हणाली, “काढा घे. आणि... ज्याच्यामुळे झालीय त्याला सांग.”

अकराव्या आठवड्यातल्या गुरुवारी मी चौकशीच्या खिडकीपाशी कागद घेत होते. पुढचं दार उघडलं आणि तो आत आला. बाकाजवळ थांबला. मावशींकडे, कुबड्यांकडे, दुमडून ठेवलेल्या पदराच्या टोकाकडे बघितलं.

“कुणाची वाट बघताय, मावशी?”

“शेवटच्या हाताची,” त्या म्हणाल्या. “दहाव्यांदा. तुम्ही ओळखता का हो त्यांना? फार बडं माणूस आहे म्हणतात.”

वाकून त्याने त्यांची पिशवी उचलली आणि त्यांना सावकाश चालायच्या खोलीत घेऊन गेला. मी दारात थांबले. मला वाटलं, आता तो गुडघ्यावर बसेल. तो बसला नाही. त्याने पट्टेवाल्या ताईंना हाक मारली आणि त्यांच्या हातात खडू दिला.

“तुम्ही विचारा, ताई. मी ऐकतो.”

ताई गोंधळल्या, मग बसल्या. घरात पायऱ्या किती, मशीनचं पायडल कुठल्या बाजूला... तो भिंतीशी उभा राहिला, दोन्ही हात मागे बांधून. एकदा ताईंनी खूण चुकीच्या जागी केली. त्याचे खांदे पुढे झाले, ओठ उघडले... आणि मिटले. मावशी म्हणाल्या, “थोडं खाली टोचतंय गं.” ताईंनी खूण पुसून नवी केली. त्याने श्वास सोडला. सव्वातीन तास लागले. मावशींनी दांडी सोडून सहा पावलं टाकली, आरशातल्या स्वतःकडे बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. ताईंनीही लावला.

तो बाहेर आला. माझ्याजवळून जाताना थांबला. कपाळावर घाम होता, काहीच न करता.

“हात मागे बांधून उभं राहायचं,” तो हळूच म्हणाला, “आपल्याला दिसत असताना दुसऱ्याला करू द्यायचं... तुम्ही हे रोज करता?”

“रोज.”

“सल्लागार म्हणजे हे होय,” तो म्हणाला. “इतके दिवस सांगितलं का नाहीत?”

“मलाच इतकं नीट माहीत नव्हतं.”

तो थोडंसं हसला. पण तेवढंच. माझी मुदत संपायला कामाचे सहा दिवस उरले होते, आणि त्या सहा दिवसांत ताईंच्या पाठोपाठ आणखी तिघांना खडू मिळाला. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत भिंतीशी उभा असायचा. पायऱ्यांवर यायला त्याला वेळच नव्हता. सल्ला लागू पडला होता. आणि माझ्यावरच उलटला होता.

शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मी खोलीत बॅग भरत होते. दार वाजलं. तो उभा होता, हातात माझा अहवाल.

“संचालकबाईंनी आज दिला. म्हणाल्या, मागून वाचत बसू नकोस, पहिलं पान वाच.”

मी कपाटाचं दार उगाचच उघडलं आणि बंद केलं.

“‘अहवाल लिहिणाऱ्या व्यक्तीचं मन,’” त्याने वाचायला सुरुवात केली, “‘चौथ्या खोलीतील मुख्य कारागिरांकडे...’”

“मोठ्याने नका वाचू.”

“बस थांब्यावर येईपर्यंत पाठ झालंय.” त्याने कागद मिटले. “बारा जणांना हे वाचायला मिळालं. मला सगळ्यात शेवटी.”

“नियम तसा आहे.”

“नियमाचं मला काही म्हणायचं नाही.” तो उंबरठ्याच्या अलीकडेच उभा होता. “मला एक सल्ला हवाय. एक माणूस आहे. त्याचं काम इथे आहे, चार जणांना शिकवून होईपर्यंत त्याला हलता येत नाही. आणि त्याला जी आवडते, ती उद्या दुसऱ्या शहरात असणार, परवा तिसऱ्या. त्याने काय करावं?”

“यात मला सल्ला देता येणार नाही,” मी म्हटलं. “माझा स्वतःचा संबंध आहे.”

“मग सल्ला नको. उत्तर द्या.”

सहा वर्षं मी लोकांपुढे पर्याय मांडत आले. हा मार्ग, तो मार्ग, याचे फायदे, त्याचे तोटे, निर्णय तुमचा. माझ्यापुढे कुणी काही मांडून असं वाट बघत उभं राहिलं नव्हतं. मी पर्याय शोधायला गेले आणि एकच सापडला.

“आत या,” मी म्हटलं.

तो आत आला. पायऱ्यांवरचं ते चार बोटांचं अंतर त्या दुपारी कुणी राखलं नाही.

तरी मला जावंच लागलं. पुढच्या शहराला शब्द दिला होता, बारा आठवड्यांचा. संध्याकाळच्या बसमध्ये त्याने माझी बॅग वर ठेवली, खाली उतरला आणि खिडकीखाली उभा राहिला. बस वळेपर्यंत तो दिसत होता. मग दिसेनासा झाला, आणि त्या प्रवासात मला जितकं एकटं वाटलं, तितकं आधीच्या अकरा प्रवासांत मिळूनही वाटलं नव्हतं. आधी मागे कुणी नव्हतं, म्हणून दुखतही नव्हतं.

नवं शहर, नवी खोली, नवं टेबल जिथे कुणी येऊन बसत नाही. तो फोन करायचा. फळीवर आता सव्वीस राहिले, मग एकोणीस. ताई एक जोडणी दोन तासांत करतात. मावशींनी त्याला सदरा शिवून पाठवला, बाह्या आखूड आहेत. मी ऐकत राहायचे. आत्याला मी सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, “तुझ्याकडे बघतो का गं नीट?” मी हो म्हटलं. या वेळी आवाज नीट येत होता.

पाचव्या रविवारी तो येणार होता. सहा तासांचा प्रवास. बस सव्वाअकराची. मी अकरालाच स्थानकावर जाऊन उभी राहिले. सव्वाअकरा झाले. साडेअकरा. मी कुठल्याही शहरात आजवर उतरणारी होते किंवा निघणारी. असं एका जागी उभं राहून येणाऱ्या प्रत्येक बसच्या दाराकडे बघणं मला नवीन होतं. शेजारच्या बाईने विचारलं, “कोण येतंय?” आणि मला एका शब्दात उत्तर देता येईना... पण हसू मात्र आलं.

बस पन्नास मिनिटं उशिरा आली. उशीर कशाने होतो, हे शोधणं माझा धंदा आहे. त्या दिवशी मी शोधलं नाही. नुसती वाट बघितली.

आठ-दहा माणसं उतरल्यावर तो उतरला. आखूड बाह्यांचा सदरा, विस्कटलेले केस. गर्दीत इकडेतिकडे बघितलं आणि मी चालायला लागताच, चालीवरून त्याने मला ओळखलं.

“खूप वेळ थांबलीस?” त्याने विचारलं.

इतक्या दिवसांचं ‘तुम्ही’ त्याने कुठे उतरवून ठेवलं, कोण जाणे.

“हो,” मी म्हटलं. “खूप. चल.”